गरिबीवरचा उपाय खरंच लागू पडतो का? प्रत्यक्ष प्रयोग आखण्यापासून निकाल वाचण्यापर्यंत

एखादी संस्था गरीब कुटुंबांना शेळ्या देते. दोन वर्षांनी पाहणी होते आणि त्या कुटुंबांचं उत्पन्न वाढलेलं दिसतं. अहवाल छापला जातो, देणगीदार खूश होतात. पण त्याच दोन वर्षांत पाऊस चांगला झाला असेल, मजुरीचे दर चढले असतील, जवळून रस्ता गेला असेल. शेळ्या मिळाल्या नसत्या तर हीच कुटुंबं आज कुठे असती, हे त्या अहवालातून कळत नाही. शेळ्या न मिळालेल्या शेजाऱ्यांशी तुलना करूनही भागत नाही. ज्यांनी पुढे होऊन शेळ्या मागितल्या ते मुळातच जास्त धडपडे असतील, किंवा कार्यकर्त्यांच्या ओळखीतले असतील.

यावर उपाय साधा आहे. पात्र कुटुंबांची यादी करायची आणि शेळ्या कोणाला द्यायच्या हे सोडतीनं ठरवायचं. यादी पुरेशी मोठी असली की दोन्ही गटांत धडपडे आणि आळशी, नशीबवान आणि कमनशिबी सारख्याच प्रमाणात येतात. पुढे दोन गटांत जो फरक पडेल तो शेळ्यांचा. शेतीत आणि औषधांच्या चाचण्यांत ही पद्धत आधीपासून रुळलेली होती. गरिबीच्या प्रश्नांवर ती पद्धतशीरपणे वापरल्याबद्दल अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

सोडतीशिवाय किती फसगत होते याचं केनियातलं उदाहरण बोलकं आहे. शाळांमध्ये भिंतीवर टांगायचे तक्ते असले की मुलं जास्त शिकतात का, हे आधी नेहमीच्या पद्धतीनं तपासलं गेलं. तक्ते असलेल्या आणि नसलेल्या शाळांची तुलना केली तेव्हा तक्त्यांचा चांगला फायदा दिसला. मग सोडतीनं शाळा निवडून तक्ते वाटले, तर गुणांत फरक जवळपास शून्य. ज्या शाळांकडे आधीपासून तक्ते होते त्या इतर बाबतींतही उजव्या होत्या, एवढाच त्याचा अर्थ.

असा प्रयोग स्वतः करू पाहणाऱ्या संस्थेतल्या माणसासाठी, अधिकाऱ्यासाठी किंवा विद्यार्थ्यासाठी पुढची वाट मांडली आहे. माझं एक मत सुरुवातीलाच सांगतो: बहुतेक प्रयोग आकडेमोडीत बिघडत नाहीत. ते पहिली पाहणी सुरू होण्याआधीच, कागदावर बिघडलेले असतात. म्हणून कागदावरच्या टप्प्यांना इथे जास्त जागा दिली आहे.

प्रश्न असा हवा की उत्तरानं काहीतरी बदलेल

‘आमचा कार्यक्रम चांगला आहे का?’ हा प्रयोगाचा प्रश्न नव्हे. संस्थेतल्या निर्णय घेणाऱ्या माणसांना एकत्र बसवा आणि विचारा: परिणाम शून्य निघाला तर काय कराल? थोडाच निघाला तर? भरपूर निघाला तर? तिन्हींना उत्तर ‘चालू ठेवू’ असंच असेल, तर प्रयोगावर पैसा घालवू नका. त्या पैशात आणखी शेळ्या येतील.

चांगला प्रश्न बहुधा दोन समजुतींमध्ये निवड करायला लावतो. उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेबरोबर झालेला लसीकरणाचा प्रयोग पाहा. मुलांचं लसीकरण पूर्ण का होत नाही? एक समजूत अशी की लस वेळेवर आणि जवळ मिळत नाही. दुसरी अशी की आईवडिलांना त्याची निकड वाटत नाही. म्हणून 134 गावांची तीन गटांत विभागणी झाली. काही गावांत दर महिन्याला न चुकता शिबिर, काही गावांत शिबिर आणि प्रत्येक लशीमागे एक किलो डाळ, शिवाय लसीकरण पूर्ण झालं की ताटांचा संच, आणि उरलेल्या गावांत नेहमीचीच व्यवस्था. लसीकरण पूर्ण झालेल्या मुलांचं प्रमाण नेहमीच्या व्यवस्थेत 6 टक्के, नुसत्या शिबिराच्या गावांत 18 टक्के आणि डाळ मिळणाऱ्या गावांत 39 टक्के निघालं. म्हणजे दोन्ही समजुतींत तथ्य होतं, आणि कशाचा किती वाटा तेही कळलं. गंमत म्हणजे डाळ वाटूनही दर मुलामागचा खर्च निम्म्यावर आला. शिबिराची परिचारिका आणि गाडी ठरलेलीच होती, फक्त येणारी मुलं वाढली.

नुसता ‘शिबिर हवं की नको’ एवढाच प्रश्न घेतला असता तर हे कळलंच नसतं. म्हणून शक्य असेल तिथे उपायाचे दोन प्रकार एकमेकांसमोर ठेवा. मात्र गट वाढवताना हात आखडता घ्या, कारण प्रत्येक नव्या गटाबरोबर लागणारी माणसं वाढतात. दोन प्रकार आणि एक तुलनागट, बस्स.

उपायापासून परिणामापर्यंतची साखळी लिहून काढा

शेळी दिली की गरिबी कमी होते, असं होत नाही. शेळी जगली पाहिजे, व्यायली पाहिजे, करडं विकली गेली पाहिजेत, पैसा घरात टिकला पाहिजे आणि तो अन्नावर, शाळेवर किंवा पुढच्या शेळीवर खर्च व्हायला हवा. प्रत्येक कडीखाली लिहा: ही तुटली तर मला कसं कळेल? त्या प्रत्येक ‘कसं’मधून पाहणीचा एक प्रश्न जन्माला येतो. प्रश्नावली बनवायची खरी रीत हीच. बाकीचे प्रश्न बहुतेक वेळा हौसेचे असतात.

साखळी नसली की शून्य परिणामाचा अर्थ लावता येत नाही. केनियात पाठ्यपुस्तकं फुकट वाटली, पण सरासरी गुण वाढले नाहीत. साखळी पाहिल्यावर कारण दिसलं. पुस्तकं इंग्रजीत होती आणि ती बहुतेक मुलांची तिसरी भाषा. जी मुलं आधीच वर्गात पुढे होती त्यांनाच पुस्तकांचा उपयोग झाला. अतिगरीब कुटुंबांना जनावरं, प्रशिक्षण, काही काळ खर्चाला पैसे आणि नियमित भेटी असं सगळं एकत्र देण्याचा कार्यक्रम सहा देशांत तपासला गेला आणि 2015 मध्ये त्याचे निकाल आले. एकूण चित्र चांगलं होतं. होंडुरासमध्ये मात्र दिलेल्या कोंबड्या रोगानं मोठ्या संख्येनं मेल्या आणि मालमत्ता वाढलीच नाही. तिथे कुटुंबांकडे आज किती कोंबड्या आहेत हे कुणी विचारलं नसतं, तर दोष कार्यक्रमाच्या कल्पनेवर आला असता.

प्रयोग नको तेव्हा नको

उपाय अजून दर महिन्याला बदलत असेल, तर थांबा. सगळ्यांना पुरेल एवढं साहित्य हातात असेल आणि ते उपयोगी असल्याचं आधीच नक्की ठाऊक असेल, तर सरळ वाटा. एकच धरण, एकच कायदा, चलनाचं धोरण अशा गोष्टींची सोडत निघत नाही, त्यासाठी दुसऱ्या पद्धती आहेत. आणि जिथे अडचण ‘काय चालतं’ ही नसून ‘आहे तेच नीट केलं जात नाही’ ही असते, तिथे आधी एक जमाखर्च आणि हजेरी पाहणारा प्रामाणिक माणूस नेमा.

सोडत कोणाची काढायची

व्यक्तीची, कुटुंबाची, शाळेची की अख्ख्या गावाची? याचं उत्तर परिणाम किती दूर पसरतो यावर ठरतं. केनियातल्या 75 शाळांमध्ये जंतनाशक गोळ्यांचा प्रयोग झाला तेव्हा सोडत मुलांची न काढता शाळांची काढली होती. जंतांचा संसर्ग एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो. एकाच वर्गात निम्म्या मुलांना गोळी दिली, तर उरलेल्यांचाही संसर्ग कमी होतो आणि तुलना केली की गोळीचा परिणाम आहे त्यापेक्षा लहान दिसतो. त्या प्रयोगात गोळ्या मिळालेल्या शाळांतली गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशानं घटली, शिवाय गोळी न घेतलेल्या मुलांनाही फायदा झाल्याचं दिसलं. त्या आकडेमोडीवर पुढे बरीच वर्षं वाद झाला, पण आराखड्यातून घ्यायचा धडा त्या वादापलीकडचा आहे.

रोगच नव्हे, पैसाही पसरतो. एका गावात बऱ्याच घरांना रोख मदत दिली की दुकानदाराचा धंदा वाढतो, मजुरी वाढते, कदाचित भावही चढतात. अशा वेळी गावाची सोडत काढावी, आणि जमलं तर आसपासच्या गावांतही पाहणी करावी. केनियात 653 गावांमध्ये हे करून पाहिलं, तेव्हा पैसे न मिळालेल्या घरांचाही खर्च वाढलेला दिसला आणि भाववाढ मात्र नगण्य निघाली.

‘काहींना द्यायचं आणि काहींना नाही’ हे पटवून देणं अवघड वाटत असेल, तर टप्प्याटप्प्यानं वाटपाचा मार्ग धरा. यंदा निम्मी गावं, दोन वर्षांनी उरलेली. कोण आधी हे सोडतीनं ठरवा. मेक्सिकोत 1997 मध्ये सुरू झालेल्या प्रोग्रेसा या सशर्त रोख मदतीच्या योजनेची तपासणी अशीच झाली. एकूण 506 वस्त्यांपैकी 320 ना आधी मदत मिळाली आणि 186 ना नंतर. सरकारला एकाच वेळी सगळीकडे पोचता येणारच नव्हतं, त्या अडचणीचाच उपयोग झाला. या पद्धतीची मर्यादा एवढीच की तुलनागटालाही मदत मिळाल्यानंतरचा दीर्घकालीन परिणाम मोजता येत नाही.

प्रत्यक्ष सोडतीचे काही नियम काटेकोर पाळा. आधी पूर्ण यादी, मगच सोडत. यादीत नंतर कुणाची भर घालायची नाही. गावांचे आधी सारखेपणानुसार गठ्ठे करा, उदाहरणार्थ रस्त्यालगतची आणि आतली, आणि प्रत्येक गठ्ठ्यात वेगळी सोडत काढा. संगणकावर काढणार असाल तर आज्ञावली आणि तिचा सुरुवातीचा आकडा जपून ठेवा, म्हणजे कुणालाही तीच सोडत पुन्हा काढून पाहता येईल. लोकांसमोर चिठ्ठ्या काढणं मात्र बऱ्याचदा जास्त शहाणपणाचं ठरतं, कारण त्यात वशिल्याचा संशय उरत नाही. एकदा चिठ्ठी निघाली की ‘ही बाई फारच गरीब आहे, हिला घेऊया’ असं म्हणणाऱ्या सहकाऱ्याला प्रेमानं पण ठाम नकार द्या. अशी फारच गरजू घरं सोडतीच्या आधीच बाजूला काढा, त्यांना मदत द्या आणि प्रयोगातून वगळा.

किती माणसं लागतील

इथे थोडं गणित आलं. किती लहान फरक तुम्हाला पकडायचा आहे, यावर नमुन्याचा आकार ठरतो. उत्पन्नासारख्या गोष्टीत माणसामाणसांत मोठी तफावत असते आणि ती प्रमाण विचलनानं मोजतात. त्या विचलनाच्या एक पंचमांशाएवढा फरक पकडायचा असेल, 5 टक्के सार्थकता पातळी (परिणाम नसतानाही तो असल्याचं दिसण्याची शक्यता) आणि 80 टक्के शक्ती (परिणाम खरंच असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) ही नेहमीची मापं धरली, तर प्रत्येक गटात सुमारे 393 कुटुंबं लागतात. फरक निम्मा पकडायचा म्हटलं की संख्या दुप्पट होत नाही, चौपट होते.

हे झालं कुटुंबांच्या सोडतीचं. गावांची सोडत असेल तर एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे विसाव्या कुटुंबाकडून फारसं नवं कळत नाही. गावातल्या कुटुंबांमधलं साम्य (0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे तंतोतंत) 0.1 असेल आणि प्रत्येक गावात 20 कुटुंबं घेणार असाल, तर लागणारी संख्या 1 + 19 × 0.1, म्हणजे 2.9 पट होते. प्रत्येक गटात सुमारे 1,140 कुटुंबं आणि 57 गावं. ‘दहा गावांत करून पाहू, पण प्रत्येक गावात शंभर घरं घेऊ’ असा विचार मनात आला तर तो काढून टाका. गावं वाढवा, घरं नव्हे.

आणखी एक खड्डा आहे, आणि त्यात अनुभवी लोकही पडतात: देऊ केलेली गोष्ट सगळे घेत नाहीत. हैदराबादमध्ये 104 वस्त्यांपैकी निम्म्यांमध्ये सूक्ष्मकर्ज देणाऱ्या संस्थेनं शाखा उघडली. दीडएक वर्षानंतर तिथल्या सुमारे 27 टक्के घरांकडे असं कर्ज होतं, तर तुलनेच्या वस्त्यांतही इतर संस्थांमुळे 18 टक्के घरांकडे ते होतंच. फरक जेमतेम 9 टक्क्यांचा. एवढ्या कमी घरांमुळे पडलेला बदल सगळ्या वस्तीच्या सरासरीत शोधायला प्रचंड नमुना लागतो. दोन गटांमध्ये उपाय प्रत्यक्ष घेणाऱ्यांचा फरक निम्म्यावर आला की नमुना चौपट हवा, हे सूत्र भिंतीवर लिहून ठेवा. आधी छोट्या प्रमाणावर किती लोक उपाय घेतात ते पाहून मगच आकडा ठरवा.

मोजायचं काय आणि कसं

गरीब घराचं उत्पन्न विचारणं अवघड असतं. ते दहा ठिकाणांहून येतं, हंगामी असतं आणि शेतीचा खर्च वजा कसा करायचा हे कुणालाच नीट सांगता येत नाही. म्हणून बहुतेक अभ्यासक खर्च आणि खाणं मोजतात. खाण्याबद्दल मागच्या सात दिवसांचं विचारा, कपडे किंवा औषधपाण्याबद्दल जास्त लांबचं. जनावरं मोजायची असतील तर विचारत बसू नका, गोठ्यात जाऊन मोजा. जोडीला आत्महत्येचे विचार, घरातली मारहाण असे नाजूक विषय असतील, तर बाईला एकटीला गाठून, बाई प्रगणकानंच विचारायला हवं. कुणी अडचणीत आढळलं तर पुढे कुणाकडे न्यायचं हेही आधीच ठरलेलं हवं.

पाहणी करणारा गट आणि शेळ्या वाटणारा गट वेगळा ठेवा. ज्यानं शेळी दिली त्यानंच ‘फायदा झाला का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणायला कोण धजेल? दोन्ही गटांना एकच प्रश्नावली, शक्यतो तेच प्रगणक आणि तोच हंगाम. साधारण दहा टक्के घरांत दुसऱ्या माणसानं जाऊन काही प्रश्न पुन्हा विचारावेत. नुसतं असं होणार आहे हे माहीत असलं तरी कामाचा दर्जा सुधारतो.

सगळ्यात जास्त मेहनत हरवलेली घरं शोधण्यावर घ्या. शेळ्या मिळालेली घरं गावात राहिली आणि न मिळालेल्यांतली सर्वात हलाखीतली कामासाठी बाहेर पडली, तर शेवटच्या पाहणीत तुलनागट उगाचच सुखवस्तू दिसेल. पहिल्याच भेटीत दोनतीन नातेवाइकांचे फोन नंबर घ्या. शेवटी वेळ कमी पडला तर हरवलेल्यांतून पुन्हा सोडत काढून थोडेच निवडा आणि ते सापडेपर्यंत पिच्छा सोडू नका.

संमती आणि मर्यादा

नीतिसमितीची परवानगी हा कागदोपत्री सोपस्कार नाही. ‘नाही’ म्हटलं तर सध्या मिळणारी मदत बंद होणार नाही, हे माणसाला कळलंय याची खात्री करा. संमतीचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवून भागत नाही, त्यानं काय समजलं ते त्याच्याच तोंडून ऐका. तुलनागटाच्या हातातलं काहीही काढून घ्यायचं नाही, ही माझ्या मते न ओलांडायची रेघ. नैरोबीत पाण्याची थकबाकी असलेल्या घरमालकांची जोडणी तोडण्याचा प्रयोग झाला, तेव्हा 2020 मध्ये त्यावर जगभर टीका उठली. पाणी तुटलं ते भाडेकरूंचं.

आकडे उघडण्याआधी योजना नोंदवा

मुख्य परिणाम कोणता, कोणत्या उपगटांत वेगळा पाहणार, हिशेब कसा करणार, हे आधीच लिहून जाहीर नोंदणीवर टाका. अर्थशास्त्रातल्या प्रयोगांसाठी अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची नोंदणी 2013 पासून आहे. वीस वेगवेगळे परिणाम तपासले, तर उपाय कुचकामी असला तरी एखादा निव्वळ योगायोगानं ‘सार्थ’ निघतो, आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर नेमका तोच जाऊन बसतो.

हिशेबात तुलना सोडतीप्रमाणे करा. शंभर घरांना शेळी देऊ केली आणि साठांनीच घेतली, तरी शंभराची सरासरी तुलनागटाशी ताडायची. साठच उचलले की धडपडे विरुद्ध बाकीचे हा जुना घोळ परत आला. प्रत्यक्ष घेणाऱ्यांवरचा परिणाम हवा असेल, तर मिळालेल्या फरकाला 0.6 नं भागा. तुलनागटात कुणी शेळी मिळवली नसेल आणि नुसत्या देऊ करण्यानं इतरांवर काही परिणाम झाला नसेल, तरच हे चालतं. गावांची सोडत असेल तर अनिश्चिततेचा हिशेबही गावांच्या पातळीवरच करा.

मग खर्च मांडा. फरक किती पडला एवढ्यावर न थांबता एका घरामागे किती पैसे लागले, वाहतूक आणि पगार धरून, हेही लिहा. उदयपूरचं डाळीचं प्रकरण त्याशिवाय उलगडलंच नसतं.

निकाल दुसरीकडे नेताना

या पद्धतीवरची सर्वात वजनदार टीका इथेच आहे. अँगस डीटन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ म्हणतात की एका ठिकाणी काय झालं हे सोडत सांगते, ते का झालं आणि दुसरीकडे होईल का हे सांगत नाही. मला ही टीका बरोबर वाटते, फक्त तिच्यावरून प्रयोग सोडून द्यावेत असं वाटत नाही. म्हणून तर साखळीवर एवढा भर दिला. नव्या जागी नेताना आकडा नेऊ नका, साखळीची एकेक कडी तिथे आहे का ते तपासा.

राबवणारं कोण, हीही एक कडीच असते. केनियात कंत्राटी शिक्षकांचा उपाय संस्थेनं राबवला तिथे मुलांचे गुण वाढले. तोच उपाय सरकारी यंत्रणेनं राबवला तिथे परिणाम दिसला नाही. उदयपूर भागात परिचारिकांची हजेरी घड्याळानं नोंदवायची योजना पहिल्या काही महिन्यांत छान चालली. पुढे आरोग्य खात्यातूनच ‘माफ दिवसां’ची सूट मिळत गेली आणि सोळा महिन्यांत परिणाम पुसला गेला. सहाव्या महिन्यात मोजणी थांबवली असती तर ती यशोगाथा म्हणून छापली गेली असती.

बांगलादेशात तर हे मोठ्या प्रमाणावर घडलं. रंगपूर भागात कापणीआधीच्या उपासमारीच्या दिवसांत घरातल्या एकानं कामासाठी बाहेर जावं म्हणून 2008 मध्ये प्रवासखर्चापुरते, सुमारे साडेआठ डॉलर देऊ केले गेले. त्यामुळे सुमारे 22 टक्के घरांतून माणूस बाहेर पडला आणि मागे राहिलेल्या घराचं खाणंपिणं सुधारलं. या आधारावर एव्हिडन्स अ‍ॅक्शन या संस्थेनं मोठा कार्यक्रम उभा केला. पण वाढवतानाही त्यांनी सोडत आणि मोजणी सोडली नाही. 2017 च्या फेरीत बाहेर जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलंच दिसलं नाही. संस्थेनं ते उघडपणे मांडलं आणि 2019 मध्ये कार्यक्रम बंद केला.

तुमच्या आराखड्यातही विस्ताराच्या पहिल्या वर्षासाठी दुसऱ्या सोडतीची तरतूद ठेवा: निम्म्या भागांत आधी, उरलेल्यांत वर्षभरानं, मुख्य परिणामाचा एक आणि साखळीतल्या सर्वात कच्च्या कडीचा एक असे दोनच आकडे, आणि कितीच्या खाली गेलं तर थांबायचं तो आकडा विस्ताराच्या मंजुरीपत्रातच लिहिलेला.